मामंजी, कडी वाजली

बिबळवाडी स्टेशन,
तालुका शहापूर
ता. १४ जून १९३६

चि. सौ. कमळ हिस तुझ्या मामंजींचा आशीर्वाद.

पत्र तुझ्या नावावर आलेलं पाहून घाबरू नकोस. इथे सगळं ठीक आहे. घरी सगळं ठीक आहे की नाही, ते तू मला कळवावंस म्हणून हे लिहितो आहे. आमच्या चिरंजिवाला, अनंताला, चार ओळी लिहायच्या म्हणजे खाचर नांगरण्यापेक्षा जड वाटतं, आणि तुझ्या सासूला, म्हणजे आत्याबाईंना, अक्षर येत नाही. तू वाशिंदच्या शाळेत चौथी पास झालीस, हे सोयरिकीच्या वेळी तुझ्या वडिलांनी तीनदा सांगितलं होतं. तेव्हा आजपासून घरची पत्रं तुझ्याकडे.

सून सासऱ्यासमोर बोलत नाही ही आपल्या घरची रीत. ती मोड असं मी म्हणत नाही. पण पत्राबद्दल आपल्या वाडवडिलांनी काही ठरवून ठेवलेलं नाही, कारण त्यांच्यात लिहिता कोणालाच येत नव्हतं. लग्नानंतर आठ दिवस मी घरी होतो. मी विचारायचो, कमळला माहेरची आठवण येते का. तू दाराआड. उत्तर द्यायला तुझ्या आत्याबाई माझ्यासमोर येऊन उभ्या राहायच्या आणि गावाला ऐकू जाईल असं सांगायच्या, "नाय येत. सुखी हाय ती." तू काय म्हणालीस आणि वाटेत त्यात किती भर पडली, ते देवाला माहीत.

माझ्या कामाची तुला कल्पना नसेल. मी इथे दिवे पुसणारा हमाल म्हणून लागलो. दिवे पुसता पुसता तारेची भाषा नुसत्या कानांनी शिकलो. जुन्या मास्तरांच्या ते ध्यानात आलं आणि त्यांनी मला तारबाबूच्या खुर्चीवर बसवलं. टेबलावर एक खटका असतो. तो दाबला की पुढच्या स्टेशनात पितळेची पट्टी वाजते. छोटा ठोका, लांब ठोका, त्यांवरून अक्षरं ओळखायची. दोन स्टेशनांत तार एकच, म्हणून एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं हात मागे घेऊन ऐकायचं. दोघांनी एकदम खटका दाबला तर दोघांचंही बोलणं नासतं. बोलणारा शेवटी संपल्याची खूण करतो, मग दुसऱ्याची पाळी. आपणही तसंच करू.

माझं संपलं. आता तुझी पाळी.

महिपत


सरळगाव,
तालुका मुरबाड
ता. २ ऑगस्ट १९३६

ती. मामंजींच्या चरणी कमळचा नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. भाताची आवणी चालू होती, हात दिवसभर चिखलात. पाळी माझी आहे हे रोज आठवायचं. सुनेनं सासऱ्याला पत्र लिहिलेलं कोणी ऐकलंय का, असं आत्याबाई म्हणाल्या. मग दुसऱ्या दिवशी स्वतःच डाकवाल्याकडून पाकीट घेऊन आल्या.

म्हैस व्याली, रेडी झाली आहे. तुमच्या चिरंजिवांनी खालचं खाचर लावून संपवलं. तांबड्या बैलाचा पाय आता बरा आहे. आत्याबाईंचा गुडघा दुखतो, पण त्या ते कबूल करत नाहीत.

हे सगळं त्यांना वाचून दाखवलं. यापुढचं दाखवणार नाही.

मामंजी, माझं काय चुकलं? तुम्ही घरी होतात तेव्हा ताट वाढलं की मी माजघरातून दाराची कडी वाजवायचे. आमच्याकडे माहेरीही वहिनी तसंच करते. बोलायचं नाही, कडी वाजवायची, की मोठी माणसं समजतात. तुम्ही ओटीवर बसलेले असायचात आणि उठायचा नाहीत. मी पुन्हा वाजवायचे, तरी तुम्ही बाहेर बघत राहायचात. आत्याबाई पुढे जाऊन ओरडल्या की मग उठायचात. आठही दिवस असंच झालं. मी भात जास्त शिजवते का? की तुम्हाला दुसरीकडची मुलगी करायची होती? तुम्ही पत्रात इतकं मायेनं लिहिता आणि घरात माझ्या कडीकडे पाठ फिरवता, त्याचा मेळ मला लागत नाही. मी रडले होते, हे लिहू नये, पण लिहिते.

माझं संपलं.

कमळ


बिबळवाडी स्टेशन
ता. १९ ऑगस्ट १९३६

चि. सौ. कमळ हिस आशीर्वाद.

वेडी आहेस. तुझा भात उत्तम असतो आणि दुसरीकडची कोणतीही मुलगी माझ्या मनात नव्हती. मी विचारात असतो, एवढंच. ओटीवर बसलो तरी डोक्यात तारच वाजत असते. पुन्हा या गोष्टीसाठी रडू नकोस.

आणि तुझ्या कडीचंही जरा चुकतंच. तिच्यातून इतकंच कळणार की ताट वाढलंय. काय वाढलंय ते कुठे कळतं? सोबत एक कागद पाठवतो आहे. इंग्रजीच्या तारेवरून मी आपल्या अक्षरांसाठी ठोके बसवले आहेत. रिकाम्या वेळेचा उद्योग आहे, आजवर कोणाला दाखवला नव्हता. छोटा ठोका म्हणजे कडी नुसती टेकवायची, लांब म्हणजे टेकवून क्षणभर थांबायचं. दिवाळीला मी येईन तेव्हा कारल्याची भाजी असेल तर आधी कळव, म्हणजे मी बाहेर जेवून येईन.

पाळी तुझी.

महिपत


सरळगाव
ता. २९ नोव्हेंबर १९३६

ती. मामंजींच्या चरणी नमस्कार.

तुम्ही दिवाळीचे पाच दिवस राहून गेलात, त्याला आता दोन आठवडे झाले. रोज लिहायला बसते आणि उठते. आज लिहिणारच आहे.

तुमचा कागद मी पाठ केला होता. चुलीपुढे बसून पळीनं, खाचरात विळ्यानं, जिथे तिथे ठोकत होते. आत्याबाईंना वाटलं मला झटके येतात. पाडव्याला मी कडीनं तुम्हाला सांगितलं, "कारलं नाही, वाल आहेत." नीट, सावकाश सांगितलं. तुम्ही मान वळवली नाहीत. दोन पावलांवर होतात.

मग मी तुमच्याकडे बघायला लागले. खळ्यात चिरंजिवांनी मागून तीन हाका मारल्या, तुम्ही पेंढा सारत राहिलात. हंडा पडला तेव्हा कुत्रं उठून पळालं, तुम्ही चिलीम भरत होतात. आत्याबाई समोर आल्या की तुम्ही त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघता. आणि भाऊबीजेला तुम्ही दाराच्या चौकटीला पाठ टेकून बसला होतात, तेव्हा मी सहज कडी ठोकली, "मामंजी, कडी वाजली." तेव्हा तुम्ही हसलात. लगेच. त्या एकाच वेळी.

मामंजी, तुम्हाला ऐकू येत नाही. कानांनी नाही, पाठीनं कळलं तुम्हाला.

सून समोर बोलत नाही, म्हणून आपल्यात हे इतके दिवस लपून राहिलं. तुम्ही मला हवं ते विचारता, माझ्याकडून उलट काही यायचंच नसतं, मग तुम्हाला ऐकू आलं की नाही हे मला कुठून कळणार? मी ते तुमच्या रागावर घातलं. मला लाज वाटते. मी हे कोणालाही सांगितलेलं नाही. पण तुम्ही तारेवर बसता. खाली घाट आहे, गाड्या आहेत. तुम्ही तार ऐकता कशी?

माझं संपलं. पण उत्तर द्या.

कमळ


बिबळवाडी स्टेशन
ता. ३१ जानेवारी १९३७

चि. सौ. कमळ हिस,

या महिन्यात म्हसाच्या जत्रेला मी घरी आलो नाही याचं कारण तुझं पत्र. तुझ्यासमोर यायची मला लाज वाटली. तू तर दाराआडच असतीस, तरीही.

दोन वर्षं झाली. आधी डावा कान गेला, मग उजवाही जात चालला. पट्टीचा आवाज मंद झाला तेव्हा मी तिच्यावर बोट ठेवायला लागलो. ठोका बोटात कळतो. आता सगळी तार बोटानंच घेतो आणि आजवर एक अक्षर चुकलेलं नाही. लोकांना वाटतं म्हातारा पट्टी कुरवाळतो. समोरच्याचे ओठ बघून बाकीचं भागतं. मी दिवे पुसणारा होतो, कमळ. ही खुर्ची मला कानांनी मिळवून दिली. कान गेले हे एकदा कळलं की खुर्ची जाणार. मग मी कोण उरतो, ते मला माहीत नाही.

तू असं लिहायला नको होतंस. सासऱ्याला कोणी असं लिहीत नाही. यापुढे या गोष्टीबद्दल एक शब्दही लिहू नकोस.

उत्तर नको.

महिपत


सरळगाव
ता. ८ फेब्रुवारी १९३७

ती. मामंजींच्या चरणी नमस्कार.

तुम्ही उत्तर नको म्हणालात. पण नियम तुम्हीच घालून दिलात. एकाचं संपलं की दुसऱ्याची पाळी. फक्त एकानंच बोलायचं असं त्यात नव्हतं. तुमचा राग झेलते आणि लिहिते.

बोट पट्टीवर असतं तोवर तुम्हाला कळतं, हे मी मानते. तुमचं बोट चुकणार नाही हेही मानते. पण तुम्ही पाणी प्यायला उठता, झेंडी घेऊन फलाटावर उभे राहता, तेव्हा पट्टी वाजली तर? कडी वाजवणाऱ्याला दिसत नाही की पलीकडच्याची पाठ चौकटीला टेकलेली आहे की नाही. मला उत्तर मिळालं नाही तेव्हा मी फक्त रडले. पुढच्या स्टेशनातला माणूस काय करेल? घाटातून डबे सुटले असं तो सांगत असेल आणि तुम्ही चिलीम भरत असाल तर?

तुम्ही कोण उरता, असं विचारलंत. तुम्ही माझे मामंजी उरता. मला पत्र लिहायला लावणारे. या घरात मला काय वाटतं हे विचारणारे तुम्हीच पहिले. खुर्चीचा त्यात काही संबंध नव्हता.

आता हवं तर रागवा.

कमळ


बिबळवाडी स्टेशन
ता. २१ मार्च १९३७

चि. सौ. कमळ हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी खिशात घेऊन फिरत होतो. रागही होता आणि ते फाडवतही नव्हतं.

गेल्या सोमवारी दुपारी मी बाहेर नळावर पाणी पीत होतो. रुळांचे सांधे बदलणारा गणू पॉइंटमन धावत आला आणि त्यानं माझा दंड धरला. पट्टी पाव तास वाजत होती. मी बोट ठेवलं. पलीकडून सांगत होते, रुळावर माणसांची ट्रॉली निघालेली आहे, मालगाडी थांबवा. मालगाडी सिग्नलपाशी उभीच होती, सुटायला दोन मिनिटं होती, ती तशीच थांबवली. ट्रॉली येऊन पोचली. चार माणसं उतरली, हसत होती, एकानं माझ्याकडे तंबाखू मागितली. काहीच झालं नाही. मी त्याला तंबाखू दिली आणि आत जाऊन मास्तरांना सगळं सांगितलं. ऐकून घेतल्यावर ते माझ्याकडे तोंड करून सावकाश बोलले, त्यावरून समजलो की त्यांना अंदाज होता.

रेल्वेनं मला मानानं मोकळं केलं आहे. पुढच्या रविवारी शहापूरहून गाडी करून घरी येतो.

एक काम तुझ्याकडे मागतो. अंबूला, तुझ्या आत्याबाईंना, तू सांग. तीस वर्षांच्या संसारात मी तिच्यापासून दुसरं काही लपवलेलं नाही आणि हे सांगायला मला तोंड नाही. मी यायच्या आधी सांग.

माझं संपलं. या वेळी खरंच उत्तराची वाट बघतो.

महिपत


सरळगाव
ता. २५ मार्च १९३७

ती. मामंजींच्या चरणी नमस्कार.

आत्याबाईंना सांगितलं. त्या तांदूळ पाखडत होत्या. सूप खाली ठेवलं नाही. म्हणाल्या, "मला काय ठावं नाय? दोन वरसं मी समोर जाऊन वरडून बोलते, ती काय हौस म्हणून? त्यांना सांगू नको गो, मला ठावं हाय म्हणून. त्यांनीच सांगितलं आसं वाटू दे त्यांना."

तुम्हाला सांगू नको म्हणाल्या आणि मी सांगते आहे. आता या घरात लपवालपवी पुरे. त्यांनी मग पदरानं डोळे पुसले आणि कोंडा गेला म्हणाल्या.

या. चौकट पुसून ठेवली आहे.

कमळ


सरळगाव
ता. २० फेब्रुवारी १९३८

चि. सौ. कमळ हिस, मुक्काम वाशिंद, मामंजींचे अनेक आशीर्वाद.

तू बाळंतपणाला माहेरी गेलीस त्याला दोन महिने झाले आणि दोन महिने आपली चौकट मुकी आहे. मी सवयीनं ओटीवर तिला पाठ टेकून बसतो. पलीकडून काही येत नाही.

अंबूनं एकदा कडी हातात घेतली. मला वाटलं घरावर कोणी घण घालतंय. अनंता तुझा कागद घेऊन शिकला, पण त्याला फक्त "जेवण" एवढंच जमतं. त्यामुळे कोणी पाहुणा आला, म्हैस सुटली, काही झालं तरी मला जेवायला बोलावणं येतं.

मी एका गोष्टीचा विचार करत होतो. सव्वीस वर्षं मी तारेवर एकच नियम पाळला, एक बोलेल तेव्हा दुसरा गप्प. पत्रांतही आपण तेच केलं. मग मी घरी आलो आणि तू माहेरी जाईपर्यंत नऊ महिने काय चाललं होतं? मी ओटीवरून तोंडानं बोलतो आहे, त्याच वेळी तू माजघरातून कडीनं माझ्या पाठीत बोलते आहेस. माझं तुझ्या कानांवाटे जातं, तुझं माझ्या पाठीवाटे येतं. वाटा दोन, म्हणून कोणाचं कोणाला अडत नाही. मी जुन्या मास्तरांची गोष्ट सांगत असायचो आणि मधेच तुझी कडी म्हणायची, "ही परवा सांगितलीत." मी न थांबता म्हणायचो, पुन्हा ऐक. अंबू म्हणायची दोघं एकदम बोलतात तर ऐकतं कोण. रेल्वेत ही सोय आमच्या तारेला कधी झाली नाही. मी बहिरा झालो तेव्हा ती मला माझ्या घरात मिळाली.

कान गेल्यावर आपण एकटे पडू याची मला फार भीती होती. ते होऊ दिलं नाहीस. हे तोंडावर सांगता आलं नसतं, म्हणून लिहितो.

आता एक मागणं. नको वाटलं तर नाही म्हण. आलीस की एकदा चौकटीच्या अलीकडे, ओटीवर येऊन बस. तू बोललेलं मला ऐकू येणार नाही. पण पावणेदोन वर्षं जी माझ्याशी बोलते आहे, ती बोलताना कशी दिसते हे मी पाहिलेलं नाही.

महिपत


वाशिंद
ता. १७ मार्च १९३८

ती. मामंजींच्या चरणी नमस्कार.

मुलगी झाली, गेल्या बुधवारी. दोघी बऱ्या आहोत. निरोप पोचलाच असेल, पण आत्याबाईंनी तो तुम्हाला काय भर घालून सांगितला ते माहीत नाही, म्हणून सांगते. ती गोरी नाही आणि तुमच्यासारखी दिसत नाही. ती अजून कोणासारखीच दिसत नाही.

तुमचं मागणं वाचून पत्र मी कितीतरी दिवस उशाखाली ठेवलं. आईला विचारलं, ती म्हणाली सासूला काय वाटेल. परवा आत्याबाई बाळ बघायला आल्या तेव्हा त्यांनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "बस की गो. मी त्यांच्यासमोर तीस वरसं बसून बोलतेय. कान होते तवा तरी कुठं ऐकलं त्यांनी?" मग जाताना दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "बस. त्यांना बरं वाटंल."

मी बसेन. आधी नजर वर व्हायची नाही आणि आवाजही फुटायचा नाही बहुतेक. तो तुम्हाला ऐकू येणार नाही, तेवढं बरं आहे. पण मांडीवर ही असेल, आणि हिला कसलाही संकोच नाही. रडायच्या आधी हिचा खालचा ओठ थरथरतो, तो बघून ठेवा.

आणि पाळणा ओटीच्या तुळईला बांधायला सांगा, दोरी तुमच्या हाताशी येईल अशी. मी इथे डोळे मिटून, कान झाकून, दोरी धरून बघितलं. ही जागी झाली की दोरीत कळतं. भूक लागली की पाय झाडते, दोन छोटे झटके आणि एक लांब. तुमच्या कागदावर हे अक्षर कोणतं ते मी शोधत बसले नाही. तुम्ही तिला मास्तरांची गोष्ट सांगा. तिनं ती परवा ऐकलेली नाही. तुम्ही सांगत असाल आणि ती त्याच वेळी पाय झाडत असेल, तर थांबू नका.

आजोबांसमोर बोलायचं नसतं हे तिला कोणी सांगितलेलं नाही, आणि मी सांगणार नाही.

"माझं संपलं" असं लिहायला हात गेला होता, तो मागे घेतला. तुम्ही बोलत राहा, मामंजी. आम्ही दोघी येतोच आहोत.

कमळ